पात्र ठरलेली बाई

नागरत्ना आमच्या हुमनाबाद डेपोत कंडक्टर आहे. बापाच्या जागेवर लागली. बाप ड्रायव्हर होता. ड्यूटीवर असतानाच छातीत कळ येऊन गेला. तेव्हा तिची बारावी झालेली होती आणि धाकटा भाऊ वीरेश शाळेत होता. त्या काळी गाडीत बाई कंडक्टर दिसली की लोक वळून बघायचे. हिनं थोड्याच दिवसांत सगळ्या रस्त्याला आपला आवाज ओळखीचा करून टाकला. कानडीत तिकीट मागणाऱ्याशी कानडी, मराठीत मागणाऱ्याशी मराठी, आणि दारात लोंबकळणाऱ्या टवाळ पोरांना दखनी उर्दू. जागेवरून भांडण पेटलं की ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहायची, आणि भांडण तिथंच थंड व्हायचं.

वीरेशचं शिक्षण झालं, लग्न झालं. आईचं दुखणं निघालं, पुढं आईही गेली. मधल्या काळात नागरत्नाला बघायला पाहुणे आले नाहीत असं नाही. पण ती सासरी गेली तर तिचा पगारही सासरी जाणार, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तीही बोलली नाही. मग लोकांनी विचारायचं सोडलं. वीरेश गावी, दुबलगुंडीत, शेती बघू लागला. नागरत्नानं हुमनाबादला दोन खोल्या बांधल्या आणि तिथं एकटी राहू लागली.

गाडीत चढताना बायका कडेवरचं लेकरू कंडक्टरच्या हातात देतात आणि पिशव्या सांभाळत जागा शोधतात. नागरत्नानं अशी किती लेकरं धरली असतील. चाळिशी उलटून गेल्यावर मात्र ती लेकरं तिच्या हातात जरा जास्त वेळ राहू लागली. एकदा कमलनगरच्या गाडीत एका पोरसवदा आईला तीनदा म्हणावं लागलं, "अक्का, द्या की लेकरू." तिसऱ्या वेळी ती जरा जोरात म्हणाली आणि मागच्या बाकावरचे हसले. नागरत्नानं लेकरू दिलं, तोंड वळवलं आणि पुढचा थांबा येईपर्यंत उगाच तिकिटाचं मशीन दाबत राहिली. तिचे कान तापले होते. अठ्ठेचाळीस वर्षांची, लग्न न झालेली बाई, आणि हे काय वेड, असं तिला वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी ती बिदरच्या सरकारी दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेली होती. तिथं भिंतीवर दत्तक घेण्याविषयीचा कागद लावलेला होता. तिनं तो आत जाताना वाचला आणि येताना पुन्हा वाचला. खाली फोन नंबर होता. तो तिनं पाठ केला. मोबाईल काढून लिहून घ्यायला लाज वाटली.

फोन उचलला सुधारानी नावाच्या बाईनं. ती जिल्ह्याच्या बालसंरक्षण कचेरीत समाजसेविका होती. नागरत्ना म्हणाली, "माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारायलेय. तिचं लग्न झालेलं न्हाई. तिला मूल घेता येतंय का?"

"येतंय की. एकट्या बाईला पोरगा बी घेता येतो, पोरगी बी. एकट्या बाप्याला मात्र पोरगी देत न्हाईत. नवरा-बायको असतील तर लग्नाला दोन वर्षं झालेली पाहिजेत आन दोघांची बी मर्जी पाहिजे."

"आन वय?"

"वयावर ठरतंय. वय जास्ती असंल तर तान्हं लेकरू मिळत न्हाई, मोठं मिळतं. तब्येत धड पाहिजे, कमाई पाहिजे. तुमच्या मैत्रिणीचं वय किती?"

नागरत्नानं फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून सुधारानी हळूच म्हणाली, "अक्का, या तुम्ही कचेरीत. बोलू."

वीरेशला सांगायला ती दुबलगुंडीला गेली. वीरेशनं ऐकून घेतलं. त्याची बायको विजयश्री चहा ठेवायला उठली होती, ती दारातच थांबली. वीरेश म्हणाला, "दत्तकच घ्यायचंय तर घरातलं घे. आमचा पंचाक्षरी हाय की."

"पंचाक्षरी इंजिनिअरिंगला हाय रे, वीरेश."

"मग काय झालं? तुझं घर त्यालाच जाणार न्हाई का?"

वीरेश ऐकणाऱ्यांतला नव्हता. तो तिला हुमनाबादच्या एका वकिलाकडे घेऊन गेला. वकिलांनी चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं की कायद्यात दत्तकाचं पोर पंधराच्या आतलं लागतं. एखाद्या जमातीत मोठ्याला घ्यायचा जुना रिवाज असला आणि तो सिद्ध करता आला तरच गोष्ट वेगळी. "घर द्यायचं असंल तर मृत्युपत्र करा. वीस वर्षांच्या बाप्याला काय आई लागायलीय?" बाहेर आल्यावर वीरेश लाल झाला होता. पण तोही मनानं वाईट नव्हता. पुढं कचेरीनं विचारलं की बाईचं काही बरंवाईट झालं तर मूल कोण सांभाळील, तेव्हा त्यानं येऊन सही केली.

सुधारानी घर बघायला आली. शेजारच्या निलम्मांना भेटली. स्वयंपाकघर, पाणी, संडास सगळं बघितलं. "ड्यूटीवर गेल्यावर लेकराजवळ कोण?" असं तिनं विचारलं, तेव्हा निलम्माच म्हणाल्या, "मी हाय न्हवं." नागरत्नाची तब्येत, नोकरी, चारित्र्य, सगळ्या अटींत ती बसली. कचेरीतून ती पात्र ठरल्याचं कळलं, त्या दिवशी तिनं डेपोत पेढे वाटले, पण कशाचे ते सांगितलं नाही. लोकांना वाटलं बढती झाली.

त्यातल्या त्यात लहान मुलासाठी थांबावं लागणार होतं. मोठी मुलं मात्र घरांची वाट बघत होती. गुलबर्ग्याच्या एका बालगृहातली सात वर्षांची शिवकन्या तिला दाखवण्यात आली. सावळी, किडकिडीत, फोटोतसुद्धा कॅमेऱ्याकडे न बघणारी. सुधारानीनं तिला समोर बसवून सगळं सांगितलं. पोरगी आधी एका जोडप्याकडे गेली होती. त्यांनी तिला परत आणून सोडलं होतं.

"कामून?"

"जमलं न्हाई म्हणले. मोठं पोर घेणं सोपं नसतंय अक्का. ती तुमची परीक्षा बघंल. तुम्ही बी परत सोडताय का, ते बघंल."

"मी तसली न्हाई," नागरत्ना म्हणाली.

हे वाक्य पुढं तिला फार दिवस ऐकू येत राहिलं.

शिवकन्या आली. दत्तकाचा हुकूम व्हायच्या आधी काही काळ मूल घरी ठेवतात, तसं ते ठेवणं होतं. नागरत्नानं रजा काढली. फ्रॉक आणले, दप्तर आणलं, भिंतीला गुलाबी रंग लावून घेतला. पहिले काही दिवस पोरगी पाहुण्यासारखी वागली. विचारल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नव्हती. नागरत्ना लोकांना सांगायची, "एवढी गुणाची पोर कुणी कशी परत करंल?"

मग एक दिवस नागरत्नाला उशीखाली वाळलेल्या चपात्या सापडल्या. तिनं त्या टाकून दिल्या. दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या घडीत भात निघाला. पोरगी अंथरूण ओलं करायची आणि ओली चादर गुपचूप निलम्मांच्या अंगणात टाकून यायची. रजा संपली, नागरत्ना ड्यूटीवर जाऊ लागली, आणि शिवकन्यानं निलम्मांना सांगितलं, "अक्का मला जेवायला देत न्हाई." निलम्मांनी तिला ज्वारीची भाकरी आणि पेंडपाल्याची भाजी दिली. संध्याकाळी नागरत्ना घरी आली तेव्हा निलम्मा म्हणाल्या, "लेकराला पोटभर देत जा गं." त्या चांगल्या मनानं बोलल्या. पण नागरत्नाला वाटलं, गल्लीतल्या प्रत्येक दारातून लोक आपल्याकडे बघताहेत.

सुधारानीला फोन केला तर ती म्हणायची, "मी सांगितलं होतं न्हवं? ओरडू नका. उपाशी राहिलेलं लेकरू साठवून ठेवतंय. मी येते." ती आलीही. पोरीशी बोलली, नागरत्नाशी बोलली. नागरत्नानं तिला अर्धंच सांगितलं. निलम्मांची गोष्ट सांगितली नाही. आपण पात्र नाही असं सुधारानीला वाटेल, ही भीती होती.

दुबलगुंडीला वीरेशनं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला सगळा भावकीचा गोतावळा जमला. नागरत्ना शिवकन्याला नवा परकर-पोलका घालून घेऊन गेली. स्वतःही इरकल नेसली. जंगम स्वामी आले, पूजा झाली, पंगती बसल्या. विजयश्रीच्या माहेरच्या एक आजीबाई पोरीला जवळ ओढून म्हणाल्या, "अगं बाई, हीच का ती? कोण गं तुझी ही? आई म्हण बघू एकदा."

शिवकन्यानं मान खाली घातली. आजीबाई सोडायला तयार नाहीत. "म्हण की. लाजायलीस कामून?"

"ही माझी आई न्हाई," शिवकन्या मोठ्यानं म्हणाली. "ही कंडक्टर हाय."

पंगत हसली. कुणी वाईट हसलं नाही. लेकराच्या बोलण्याला हसतात तसं हसले. पण नागरत्ना उठली, ओल्या हातानं पोरीचा दंड धरला आणि तिच्या गालावर चापट मारली. हसणं एकदम थांबलं. पोरगी रडली नाही. तिनं नागरत्नाचा हात उचलून तोंडात धरला आणि चावा घेतला. विजयश्री धावत आली. वीरेश खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, लोकं बघायलेत." 

सगळी भावकी बघत होती. ज्या बाईनं बापाच्या माघारी घर चालवलं, जिच्या शब्दावर गाडी थांबायची, ती भर पंगतीत सात वर्षांच्या लेकराशी झटत होती. नागरत्नाला पोरीचा राग आला होता. पण त्याहून जास्त राग त्या हसण्याचा आला होता. आणि तो राग काढायला समोर फक्त पोरगीच होती.

त्या आठवड्यात तिनं सुधारानीला फोन केला. "मला जमायलं न्हाई." सुधारानीनं पुष्कळ समजावलं, आणखी थोडं थांबा म्हणाली, समुपदेशकाची वेळ घेऊन देते म्हणाली. नागरत्ना एकच वाक्य बोलत राहिली. ते वाक्य त्या आधीच्या जोडप्याचंच होतं, हे तिला बोलताना कळत होतं.

गुलबर्ग्याला न्यायच्या दिवशी तिनं मुद्दाम आपल्या ओळखीची गाडी टाळली आणि दुसरी धरली. पण त्याही गाडीत कंडक्टर त्यांच्याच डेपोतला महेशकुमार निघाला. तो लहान पोरासारखा आनंदला. "या अक्का, या! लेकीला घेऊन कुठं निघालाव?"

"दवाखान्यात," नागरत्ना म्हणाली. "तिला बरं वाटंना."

महेशकुमारनं खिडकीजवळची जागा करून दिली. खिशातून चॉकलेट काढून शिवकन्याला दिलं. "काय होतंय गं बाळा?" शिवकन्यानं नागरत्नाकडे बघितलं. मग म्हणाली, "पोट दुखतंय."

नागरत्नाला हे पुढं कुणालाच धड सांगता आलं नाही. पोरीला कळलं होतं कुठं जायलोय ते. बॅग भरताना तिनं स्वतःहून आपले कपडे आणून दिले होते. तरी ती नागरत्नाच्या खोट्याला खोटं जोडून मोकळी झाली. नागरत्नाला वाचवायला म्हणा, नाहीतर मोठ्यांची असली खोटी बोलणी तिला सवयीची होती म्हणून म्हणा.

बालगृहाच्या दारात शिवकन्यानं बॅग आपल्या हातात घेतली. नागरत्नानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढं केला, तर तिनं मान अशी मागं घेतली की बाहेरून बघणाऱ्याला दिसूही नये. मग ती आत गेली. आतल्या पोरींनी ओरडून तिचं नाव घेतलं. तिथल्या बाईंनी नागरत्नाला काही टोचून म्हटलं नाही. "सही करा," एवढंच म्हणाल्या.

हुमनाबादला आल्यावर निलम्मांनी विचारलं, "पोरगी कुठंय?"

"तिची मावशी निघाली कोण तरी. घेऊन गेली," नागरत्ना म्हणाली.

ही थाप गल्लीभर झाली, डेपोत झाली, दुबलगुंडीपर्यंत गेली. मग लोक तिला भेटायला येऊ लागले. कुणी शेंगदाण्याची पोळी आणली. कुणी तिचा हात धरून बसलं. "एवढा जीव लावला आन बघ." महेशकुमारनं तर डोळे पुसले. म्हणाला, "अक्का, त्या दिवशी दवाखान्यात नेताना तुमचं तोंड कसं झालं होतं, मी बघितलं न्हवं." नागरत्ना खाली बघून ऐकायची. शिवी दिली असती तर तिनं सोसली असती. हा लोकांचा कळवळा तिला सोसेना. गाडीत कुणी लेकरू पुढं केलं की ती आता "मशीन हाय हातात" म्हणून मागं सरायची.

वीरेशला खरं कळलं होतं, कारण कचेरीनं त्यालाही फोन केला होता. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. तिला एकदा फक्त म्हणाला, "आजीबाईंना मीच आवरायला पाहिजे होतं." नागरत्नाला वाटलं, त्यानं हे म्हणायला नको होतं. दोष वाटून घेतला की हलका होतो, आणि तिला तो हलका व्हायला नको होता.

एका सकाळी नळावर बायकांत बोलणं निघालं. निलम्मा घागर लावता लावता म्हणाल्या, "पोरगीच तसली होती. खाऊन न्हाई म्हणायची. रक्तातच खोट असंल, दुसरं काय."

नागरत्ना आपली घागर घेऊन निघाली होती. ती थांबली.

"निलम्मा, पोरीला न्यायला कुणी आलं न्हाई. तिला मावशी न्हाई. मीच सोडून आले."

नळाचं पाणी घागरीवरून सांडत होतं. कुणी तोटी बंद केली नाही.

"मीच तिला भर पंगतीत मारलं. आधी एकानं सोडलं होतं, ते ठाऊक असून घेतली आन सोडली. तिच्या रक्ताचं काय काढू नका."

निलम्मा तिच्याकडे वळल्या. "मग आम्ही इतके दिवस तुझ्यासाठी हळहळायलोय, ते काय गं?"

निलम्मा घागर उचलून आत गेल्या. त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत त्या तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि नागरत्नाला ते रास्त वाटलं. महेशकुमारला तिनं डेपोत गाठून सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "आन ते चॉकलेट?" मग तोंड फिरवून गाडीत चढला.

धीर करून ती बिदरला सुधारानीकडे गेली. म्हणाली, "मला तिला परत आणायचंय. आता कसं वागायचं ते कळलंय मला."

सुधारानीनं तिला पाणी दिलं. "अक्का, एकदा मूल परत केलेल्याला पुन्हा मूल सहजासहजी मिळत न्हाई. ते वरून ठरतं. आन त्याच्या आधी तिला बी विचारावं लागतंय. आम्ही विचारलं."

"काय म्हणली?"

"न्हाई म्हणली."

"मारलं म्हणून?"

"तुमच्याबद्दल वाईट काय बोलली न्हाई. म्हणली, तिथं गेले तर परत यावं लागंल."

नागरत्ना तिथंच, कचेरीच्या बाकावर, पदर तोंडाशी धरून बसली. दारातून माणसं येत-जात होती.

पुढच्या उन्हाळ्यात शिवकन्या म्हैसूरकडच्या एका जोडप्याकडे गेली. ते आधी महिनाभर येऊन-जाऊन तिला भेटत होते. ती तिथं टिकली. कलेक्टरांचा हुकूमही झाला. सुधारानीनं हे फोनवर सांगितलं. नाव-पत्ता सांगितला नाही आणि नागरत्नानं विचारला नाही. बातमी ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटताना पोटात कुठंतरी दुखलंही. दुखतंय याचीच तिला जास्त शरम वाटली.

सुधारानीनं त्याच फोनवर एक विचारलं. दत्तक घेऊ पाहणाऱ्या लोकांची बिदरला बैठक असते. कोण घेऊ शकतं, वय काय, कागद काय, हे सगळं ती तिथं सांगते. "पण पात्र ठरल्यावर पुढं काय होतंय, ते माझ्यापेक्षा तुम्ही सांगाल. याल का? नाव नका सांगू पायजे तर."

नागरत्ना आधी नाही म्हणाली. मग ड्यूटी बदलून घेऊन गेली. दहा-बारा जोडपी होती, एक-दोन एकट्या बायका. तिनं नाव सांगितलं, डेपो सांगितला, आणि जे झालं ते सांगितलं. चापट सांगितली, दवाखान्याचं खोटं सांगितलं. आवाज गाडीतल्यासारखा मोठा निघेना. मागच्यांना ऐकू येत नव्हतं, तर सुधारानीनं खुर्च्या पुढं ओढायला लावल्या. एक जोडपं मध्येच उठून गेलं. एका गृहस्थांनी विचारलं, "मग तुम्हाला पात्र ठरवलंच कसं?" 

"मी सगळ्यात बसत होते," नागरत्ना म्हणाली. "माझ्यात काय बसत न्हाई, ते मला बी ठाऊक नव्हतं."

बैठक संपल्यावर ती खाली मान घालून बसस्टँडकडे चालू लागली. मागून कुणीतरी भरभर येत होतं. कमलनगरची सौम्या नावाची बाई होती, किराणा दुकान चालवणारी, नवऱ्याला दुकानावर बसवून आलेली. तिला आठ वर्षांचा मुलगा मिळणार होता.

"अक्का, एक विचारू का? लोकांच्या समोर तिनं तसं म्हणलं, तवा काय करायला पाहिजे होतं?"

नागरत्नानं विचार केला. "मला न्हाई सांगता येत. मी बी हसले असते तर बरं झालं असतं बहुतेक. खरंच म्हणत होती ती. कंडक्टरच हाय की मी."

सौम्या हसली नाही. ती स्टँडबाहेरच्या दगडी कट्ट्यावर बसली आणि तिनं आणखी विचारलं, मग आणखी. कमलनगरची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. नागरत्ना तिच्याजवळ बसून जेवढं माहीत होतं तेवढं सांगत राहिली.